जुन्या गाडीच्या इंजिनावरचं डागाळलेलं ॲल्युमिनियम : नवशिक्यांसाठी सफाईची रीत

बरीच वर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की सगळ्यात केविलवाणे दिसतात ते ॲल्युमिनियमचे भाग. बिडाचा ब्लॉक गंजला तरी सगळीकडे साधारण सारखाच गंजतो. ॲल्युमिनियमच्या एकाच भागावर मात्र चार तऱ्हा दिसतात. इथे तेलाचा तपकिरी थर, तिथे पांढरी पूड, पाण्याच्या होसपाशी हिरवट खपली, बोल्टाच्या डोक्याखाली तांबूस ओघळ. हे पाहिलं की हात आपोआप जहाल रसायनाकडे आणि तारेच्या ब्रशकडे वळतो. तिथेच घात होतो. मळ आणखी महिनाभर राहिला तर काही बिघडत नाही, पण घाईत रसायनाने खाल्लेलं किंवा ब्रशने ओरबाडलेलं ॲल्युमिनियम पुन्हा भरून येत नाही. म्हणून सुरुवात सगळ्यात सौम्य उपायाने करायची, तो कमी पडला तरच पुढच्या उपायाकडे जायचं, आणि कारखान्यातून निघाला तेव्हा भाग जसा होता तसा दिसू लागला की थांबायचं.

पहिली पायरी : धातू ओळखा

राखाडी दिसणारा प्रत्येक भाग ॲल्युमिनियमचा असतोच असं नाही. आधी चुंबक लावून पाहा. चिकटला तर ते रुपेरी रंग दिलेलं लोखंड किंवा बीड आहे. नाही चिकटला तरी तीन शक्यता उरतात : ॲल्युमिनियम, जस्ताचा मिश्रधातू आणि मॅग्नेशियम. पुष्कळ जुने कार्ब्युरेटर आणि फ्युएल पंप जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात. हातात घेतल्यावर वजनावरून अंदाज येतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या साधारण २.७ पट जड, जस्त सात पटींच्या आसपास, तर मॅग्नेशियम अवघं १.७ पट. जस्ताचा भाग आम्लात टाकला तर तो पटकन काळवंडतो, म्हणून त्याची सफाई ग्रीस काढणं आणि साबणाने धुणं इथपर्यंतच ठेवावी.

मॅग्नेशियमबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे प्रश्न दिसण्याचा नसून जिवाचा आहे. फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस (इंजिनाचा क्रँकशाफ्ट सामावणारं आवरण) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे जवळपास दहा वर्षं पोर्शे ९११चाही तसाच होता. इतर गाड्यांतही गिअरबॉक्सची आवरणं, व्हॉल्व्ह कव्हरं अशा ठिकाणी हा धातू सापडतो. शंका असेल तर भागाच्या खालच्या बाजूला, सहज न दिसणारी बोटभर जागा स्वच्छ करा आणि तिथे साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येऊ लागतात, ॲल्युमिनियमवर थेंब शांत बसून राहतो. चाचणी झाली की थेंब पुसून जागा पाण्याने धुवा. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. असा भाग निघाला तर घासणं, ग्राइंडर आणि आम्ल हे तिन्ही विसरा. रॉकेल आणि सौम्य साबण एवढ्यावर भागवा, बाकीचं काम त्यातल्या जाणकाराला द्या.

ॲल्युमिनियमचा स्वभाव

हे दोन मिनिटांत समजतं आणि पुढच्या निम्म्या चुका टळतात. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, पण लोखंडाच्या गंजासारखे त्याचे पोपडे सुटत नाहीत. तो खालच्या धातूला घट्ट झाकून ठेवतो. पीएच (द्राव किती आम्ल, किती अल्कली याचं माप; ७ म्हणजे मधोमध) साधारण ४ ते ८.५ या पट्ट्यात हा थर टिकतो. त्याच्या खाली गेलात तर आम्ल त्याला खातं आणि वर गेलात तर अल्कली. आम्ल घातक हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ॲल्युमिनियमचे भाग अल्कलीने जास्त बिघडवले जातात, कारण ग्रीस कापणारी बहुतेक जोरदार रसायनं अल्कलीच असतात.

बराच काळ ओल, मीठ आणि धूळ यांच्यात राहिलं की हा थर जागोजागी हार मानतो. मग जी पांढरी, खडूसारखी पूड दिसते तो ॲल्युमिनियमचा गंज. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओले राहिले तर दोघांत बॅटरीसारखा प्रवाह चालू होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्टाभोवती पूड जास्त का, याचं उत्तर हे आहे.

दुसरी पायरी : डाग कसला आहे ते पाहा

रसायनाची बाटली उघडण्याआधी उजेडात नीट पाहा, नखाने खरवडून पाहा. नखाला चिकटतं ते तेल-ग्रीस. गुळगुळीत, तपकिरी, नखाने न निघणारा थर म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने भाजून कडक झालेलं तेल. पांढरी पूड बोटाला लागते आणि तिच्याखाली पृष्ठभाग खरखरीत लागतो. पाण्याच्या वाटेवरची हिरवट-पांढरी खपली म्हणजे कूलंट आणि पाण्यातले क्षार. तांबूस ओघळ बहुधा शेजारच्या लोखंडाचा असतो, ॲल्युमिनियमचा स्वतःचा नसतो.

दोन प्रकार नवख्या माणसाला चकवतात. एक म्हणजे पिवळट, काचेसारखा थर आणि त्याच्याखाली किडीने पोखरल्यासारख्या बारीक वळणदार रेषा. हा जुना क्लिअर लॅकर (पारदर्शक वार्निशसारखा लेप) आहे आणि ओल त्याच्याखाली शिरली आहे. लॅकर काढल्याशिवाय इथे कुठलाही क्लीनर धातूपर्यंत पोचणार नाही. दुसरा म्हणजे एकसारखा गडद करडा-काळा रंग, जो रॉकेलनेही निघत नाही आणि साबणानेही नाही. भाग पूर्वी कुणीतरी कडक अल्कलीत धुतल्याची ही खूण असते. ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन, तांबं, लोह असतं. अल्कली ॲल्युमिनियम विरघळवते आणि हे बाकीचे घटक पृष्ठभागावर काजळीसारखे मागे राहतात. ही काजळी पॉलिशने बरीचशी पुसली जाते.

तिसरी पायरी : मूळ पृष्ठभाग कसा होता?

हा प्रश्न टाळून लोक थेट चमक आणायला लागतात, आणि मला सर्वांत खटकतं ते हेच. इंजिनावरचे बहुतेक ॲल्युमिनियमचे भाग कारखान्यातून आरशासारखे निघालेलेच नसतात. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांपर्यंत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा भाग), वॉटर पंप, टायमिंग कव्हर, गिअरबॉक्सचं आवरण हे साच्यातून निघालेल्या रूपातच बसवले जात. वाळूच्या साच्यातल्या भागावर बारीक दाणा असतो. धातूच्या साच्यात दाबाने ओतलेला भाग त्याहून गुळगुळीत, फिकट करडा असतो. दुसरीकडे, १९४८ साली आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाची कॅम कव्हरं मुळातच पॉलिश केलेली होती आणि तीच त्या इंजिनाची ओळख झाली. तिथे चमक हवीच. पण तशी चमक साध्या मॅनिफोल्डवर आणली तर साच्याचा दाणा, ओतकामाचे आकडे, कारखान्याची चिन्हं सगळं घासलं जातं आणि गाडीचा पुरावाच पुसला जातो.

मूळ दाणा कसा होता ते पाहायला गॅस्केटच्या (दोन भागांच्या सांध्यात गळती अडवायला बसवलेल्या पातळ पट्टीच्या) कडेची, ब्रॅकेटखालची किंवा नावाच्या पट्टीखालची झाकली गेलेली जागा शोधा. हवा, उष्णता, पाणी यांपासून ती वाचलेली असते. तिचा जवळून फोटो काढून ठेवा. तो फोटो म्हणजे तुमचं उद्दिष्ट. इंजिन नंबर, तारखेचे आकडे, रंगाने केलेल्या तपासणीच्या खुणा यांच्यावर चिकटपट्टी लावा आणि तिथे घासायला जाऊच नका.

चौथी पायरी : भाग सोडवणं

शक्य असेल तो भाग काढून साफ करावा. इंजिन गाडीतच ठेवून काम करायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, आणि कार्ब्युरेटरचं तोंड, ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारं तोंड), डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर किंवा डायनॅमो प्लास्टिकने घट्ट बांधा. दाबाच्या पाण्याचा फवारा यांच्यावर मारू नका. सील ओलांडून पाणी आत शिरतं आणि मग बेअरिंग आतून गंजतात.

थर्मोस्टॅट हाउसिंग (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हचं आवरण) आणि वॉटर पंप यांचे बोल्ट अडकलेले असणार, हे धरूनच चाला. आट्यांमध्ये ती पांढरी पूड फुगून बसलेली असते. पेनिट्रेटिंग तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. मग हॉट एअर गनने बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम तापवा. त्याआधी वर राहिलेलं तेल पुसून घ्या आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करा. उष्णतेने ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. पाना एकाच दिशेला जोराने ओढू नका. थोडं सोडा, थोडं आवळा, पुन्हा सोडा, असं करत आटे मोकळे करा. बोल्ट मऊ लागून पिळवटायला लागला तर तिथेच थांबा आणि पुन्हा तेल-उष्णता द्या. डोकं तुटलेला बोल्ट ॲल्युमिनियममधून काढणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

भाग निघाला की जुनं गॅस्केट दिसेल. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, त्याच्यावर ड्रिलचा ब्रश लावू नका. पाणी मारून ओलं ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला आणि पिशवीत बंद करा. योग्य फिल्टरचा मास्क लावलेला असावा. स्टीलचं पातं गॅस्केटच्या बसकीवर, म्हणजे गॅस्केट जिथे टेकतं त्या सपाट पृष्ठभागावर, चालवायचं नाही. तिथला एक ओरखडा पुढे गळतीचा रस्ता होतो.

पाचवी पायरी : तेल आणि ग्रीस

सफाईचं निम्म्याहून जास्त काम इथे होतं, म्हणून घाई करू नका. तेल निघालं नाही तर पुढचं कुठलंही रसायन धातूला एकसारखं लागत नाही आणि भाग ठिपकेदार होतो.

जाड थर आधी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. मग रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन आणि नायलॉनचा ब्रश. पेट्रोल वापरू नका. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेण्याजोगी असते, तर रॉकेलला त्यासाठी निदान ३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. तरीही काम उघड्या हवेत, ठिणगी आणि ज्योत यांपासून लांबच करा. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, भोकांसाठी बाटली धुण्याचा ब्रश कामाला येतो.

भाजून कडक झालेला तपकिरी थर एका बैठकीत निघत नाही. त्याच्यावर रॉकेलने भिजवलेलं फडकं गुंडाळा, वरून प्लास्टिक लावा आणि काही तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी तो ब्रशला दाद देतो. नाहीच दिली तर पुन्हा भिजवा. जहाल रसायनाच्या एका मिनिटापेक्षा सौम्य द्रावाचे दोन दिवस केव्हाही परवडतात.

पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरमध्ये जो चिकट राळेसारखा थर बसतो, त्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर वेगळा मिळतो. आतले रबर आणि चामड्याचे भाग आधी काढून घ्या. नंतर कधी वेल्डिंग होणार असेल अशा भागावर क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारू नका. वेल्डिंगच्या उष्णतेत त्याच्या अवशेषांपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

सहावी पायरी : गरम पाणी आणि साबण

आता भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण, हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश. घासा, धुवा, पुन्हा घासा. पाणी भागावरून थेंब न धरता सपाट पसरू लागलं की ग्रीस गेलं असं समजा. थेंब धरून घरंगळत असेल तर तेल अजून आहे.

इथे अनेकांना वाटतं, आता आम्ल. पण भाग वाळवून दिवसाच्या उजेडात पाहा. बरेचसे भाग एवढ्यावरच आपलं खरं रूप दाखवतात. फिकट, एकसारखा करडा रंग आणि साच्याचा दाणा दिसत असेल तर सफाई संपली. थेट शेवटच्या पायरीकडे जा.

तेलकट पाणी गटारात सोडू नका. पसरट भांड्यात साठवा, तेल वर आलं की वेगळं काढा आणि वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत ते जिथे गोळा केलं जातं तिथे द्या.

सातवी पायरी : पांढरी पूड आणि क्षार

हे डाग साबणाने जात नाहीत, त्यांना सौम्य आम्ल लागतं. नवशिक्यांसाठी मी सायट्रिक ॲसिडच सुचवेन. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. भांडं प्लास्टिकचं घ्या. भाग अख्खा बुडवण्याआधी खालच्या बाजूला फडक्याने थोडं लावा, पाच मिनिटं थांबा, धुवा आणि रंग पाहा. उजळ झाला तर पुढे जा. काळवंडला किंवा जोरात बुडबुडे आले तर धातू वेगळा आहे किंवा त्याच्यावर वेगळाच थर आहे, तेव्हा थांबा.

बुडवल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशने घासा. एका वेळी दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, हवं तर धुऊन पुन्हा बुडवा. भाग आम्लात टाकून जेवायला जायचं नाही. बोल्टाखालचे तांबूस डागही याच द्रावाने फिके पडतात. काम झालं की भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यातून एकदा काढा आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा. भेगांमध्ये राहिलेलं आम्ल काही दिवसांनी नवी पूड आणतं, म्हणून हे टाळू नका.

फॉस्फोरिक आम्ल असलेले तयार ॲल्युमिनियम क्लीनर याहून जोरात काम करतात. ते लेबलवर दिलेल्या प्रमाणात पातळ करूनच वापरा, भागावर वाळू देऊ नका, उन्हात किंवा गरम भागावर लावू नका.

थर्मोस्टॅट हाउसिंगकडे मात्र जास्त बारकाईने पाहा. होस जिथे चढतो त्या नळीच्या तोंडाशी खपली सगळ्यात जाड असते. सायट्रिकमध्ये ती फसफसत विरघळते आणि खाली गुळगुळीत धातू न दिसता खळगे दिसतात, कधी पिनेच्या टोकाएवढे, कधी मोहरी मावेल इतके. इतकी वर्षं ती खपलीच बूच बनून पाणी अडवत होती. बारीक सुईने खळग्याची खोली चाचपून पाहा. होसची पकड जिथे बसते तिथे भिंत अर्ध्याच्या वर खाल्ली गेली असेल तर तो भाग कितीही उजळला तरी पुन्हा बसवू नका. नवा मिळत असेल तर नवा, नसेल तर जाणकाराकडून वेल्डिंग करून आणि मग घासून घ्यावा. सिलिंडर हेडवर पाण्याच्या भोकांभोवती असेच खळगे असतात. ते गॅस्केटच्या सीलपर्यंत पोचले असतील तर हेड मशीन शॉपला दाखवल्याशिवाय जोडू नका.

काय अजिबात वापरू नये

कॉस्टिक सोडा आणि तो असलेले ओव्हन क्लीनर, नाल्या साफ करण्याची रसायनं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला अक्षरशः विरघळवतं आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. धुण्याचा सोडा त्याहून सौम्य असला तरी भाग काळा करतो. गरम अल्कलीच्या टाकीत बिडाचे ब्लॉक उकळण्याची सोय बऱ्याच मशीन शॉपमध्ये असते. हेड तिथे देताना ते ॲल्युमिनियमचं आहे हे तोंडी सांगा आणि भागावर लिहूनही द्या. त्या टाकीत गेलेलं ॲल्युमिनियम वापरण्याजोगं उरत नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे फरशीसाठीचं ॲसिड, हेही नको. त्यातलं क्लोराइड धातूत खोल खळगे पाडतं. आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन सुटतो.

सगळ्यात धोकादायक वस्तू मात्र निरुपद्रवी नावाने विकली जाते. चाकं आणि ॲल्युमिनियम झटपट उजळवणाऱ्या काही द्रावांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा ॲमोनियम बायफ्लोराइड असतं. पातळ द्राव कातडीला लागला तर लगेच दुखतही नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात. तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होऊ शकतो. लेबलवर ही नावं दिसली तर बाटली ठेवून द्या. चुकून लागलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हा ठरलेला उपचार आहे, म्हणून काय लागलं ते डॉक्टरांना नावानिशी सांगा.

आठवी पायरी : घासणं आणि ब्लास्टिंग

साध्या स्टीलचा तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर नको. त्याचे लोखंडी कण मऊ धातूत रुततात आणि थोड्या दिवसांत तिथे तांबूस ठिपके उमटतात. नायलॉन पुरलं नाही तर पितळी ब्रश घ्या, तोही हलक्या हाताने. कधी कधी पिवळट झाक राहते, ती पॉलिशने जाते. स्टीलच लागणार असेल तर स्टेनलेस, आणि तो ब्रश लोखंडावर कधीच न वापरलेला.

ड्रिलवर बसणाऱ्या घासण्यांच्या चकत्यांपासून जपा. त्यांच्यातले कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कुरुंदाच्या जातीचे, असतात. बाहेरच्या बाजूला ठीक, पण हे कण उघड्या इंजिनात पडले तर तेलाबरोबर फिरून बेअरिंग खरडतात. शिवाय गॅस्केटच्या सपाट बसकीवर या चकत्या न दिसणारे उतार पाडतात.

हाताने साफ न होणाऱ्या, गुंतागुंतीच्या ओतीव भागासाठी मला वेट ब्लास्टिंग सगळ्यात आवडतं. पाण्यात मिसळलेले काचेचे बारीक मणी भागावर सोडले जातात, पाण्याच्या पडद्यामुळे मारा सौम्य होतो आणि पृष्ठभाग साच्यातून निघाल्यासारखा, रेशमी करडा दिसतो. कोरड्या वाळूचा मारा नको. तो धातू खडबडीत करतो आणि वाळूची धूळ फुप्फुसांना घातक असते. सोडा ब्लास्टिंग सगळ्यात मऊ आणि त्याचे कण पाण्यात विरघळतात ही त्याची मोठी सोय, पण मागे राहिलेला सोडा नीट धुतला नाही तर रंग धरत नाही.

कुठलंही ब्लास्टिंग केलं तरी तेलाच्या वाटा, आटे, आंधळी (आरपार न गेलेली) भोकं बुचांनी बंद करून द्या आणि भाग परत आल्यावर ती प्रत्येक वाट गरम साबणाच्या पाण्याने, ब्रश घालून, मग दाबाच्या हवेने साफ करा. इनटेक मॅनिफोल्डच्या आत अडकलेला एक काचेचा मणीही थेट सिलिंडरमध्ये जातो.

अल्ट्रासॉनिक टाकी (द्रावात ध्वनिलहरी सोडून मळ सुटा करणारी) कार्ब्युरेटरसाठी उत्तम. द्राव मात्र ॲल्युमिनियमला चालणाराच घ्या आणि पहिल्यांदा काही मिनिटांतच बाहेर काढून रंग पाहा.

पॉलिश : हवं असेल तिथेच

मुळात पॉलिश असलेल्या कव्हरासाठी आधी जुना लॅकर पेंट रिमूव्हरने काढा. रिमूव्हर अल्कलीचा नाही ना, हे लेबलवर वाचून घ्या. खळगे असतील तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा आणि एकाच दिशेने घासा. मग ६००, तो आडव्या दिशेने, आधीच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत. मग ८००, १०००, १५००, दर वेळी दिशा बदलत. मधला नंबर गाळला तर त्याच्या रेषा शेवटी चमकीतून डोकावतात आणि पुन्हा मागे यावं लागतं. खोल खळगा पूर्ण जाईपर्यंत घासू नका, कव्हर पातळ होतं. एखादी खूण राहू द्या.

त्यानंतर मेटल पॉलिश आणि मऊ सुती फडकं. फडकं काळं होत राहणारच, ती मळाची खूण नाही, तो ॲल्युमिनियमचाच कीस आहे. बफिंग व्हील वापरणार असाल तर भाग व्हीलच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा आणि धार नेहमी फिरण्याच्या दिशेने बाहेर असू द्या. उलटी लावली तर व्हील भाग हिसकावून फेकतं. बफिंग करताना हातमोजे आणि लोंबते कपडे नकोत, चष्मा आणि मास्क हवा.

शेवटची पायरी : वाळवणं, जपणं, जोडणं

शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने केलं तर क्षारांचे ठिपके उमटत नाहीत. लगेच दाबाच्या हवेने पाणी उडवा, आंधळ्या भोकांमधलं आधी. मग उन्हात किंवा हॉट एअर गनच्या कोमट झोतात पूर्ण वाळू द्या.

संरक्षण जागेप्रमाणे ठरतं. पॉलिश केलेल्या कव्हरावर चांगलं कार वॅक्स पुरतं, अधूनमधून पुन्हा लावा. पॉलिशवर क्लिअर लॅकर मारावा असं मला वाटत नाही, कारण उष्णतेने तो पिवळा पडतो आणि कडेने ओल शिरली की तेच वळणदार किडे खाली पुन्हा तयार होतात. साच्यातल्या रूपातल्या भागावर पातळ गंजरोधक तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. जास्त राहिलं तर धूळ धरते. एक्झॉस्टला लागून असलेल्या भागावर तेल आणि मेण दोन्ही नको, ते जळून धूर करतात. गॅस्केटच्या बसक्या कोरड्या आणि तेलमुक्त ठेवा.

जोडताना बोल्टांचे आटे साफ करा, भोकांमधून योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) हाताने, हलकेच फिरवून घ्या आणि बोल्टाला अँटी-सीझ ग्रीसचं (बोल्ट अडकू न देणाऱ्या ग्रीसचं) बारीक बोट लावा. ग्रीस लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो, तेव्हा मॅन्युअलमधला कोरड्या आट्यांसाठीचा आकडा डोळे झाकून वापरू नका. बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. कूलंट भरताना ॲल्युमिनियमला चालणारं गंजरोधक असलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा, इंजिन गरम होऊन पुन्हा थंड होऊ द्या आणि थर्मोस्टॅट हाउसिंगच्या सांध्याभोवती कोरडं बोट फिरवून पाहा. ओल लागली तर बोल्ट आणखी आवळत बसू नका. हाउसिंग उतरवा आणि बसकीवर सरळ पट्टी धरून ती वाकली आहे का ते तपासा.